पोपटी बांगड्यांचा फोटो

आमच्या घरात विचारल्याशिवाय हात लावायचा नाही अशा वस्तू दोनच होत्या. आईची लोणच्याची बरणी आणि नानांची रंगांची वही. नाना म्हणजे माझे वडील. ते धुळ्याच्या देवपुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. ती वही तळहाताएवढी होती आणि तिच्या एकेका पानावर एकेक रंग वाळवून बसवलेला होता. पानाचा नखाएवढा तुकडा कात्रीनं कापायचा, बशीतल्या पाण्यात टाकायचा, की बशीभर रंग तयार. मग फोटो ओलसर करून बारीक ब्रशनं तो त्यावर चढवायचा. त्या काळात धुळ्यात रंगीत फोटो म्हणजे हाच. फोटो काळा-पांढरा निघायचा आणि गालाला गुलाबी, शालूला हिरवा, आकाशाला निळा असं सगळं नंतर हातानं व्हायचं. नानांकडे एक घडीचा कॅमेराही होता, भात्याचा. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत ते ओळखीच्यांचे फोटो काढत आणि हौसेनं रंगवून देत. फोटोतली एकही गोष्ट ते कोरी सोडत नसत. मागची भिंतसुद्धा रंगवायचे. "रंगीत म्हटल्यावर बठ्ठं रंगीत," असं त्यांचं ठाम मत होतं.

आम्ही एका मारवाडी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली ते लोक. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. घरातले पुरुष सकाळी एकदा दुकानात गेले की खालच्या घरावर माँजींचं राज्य. माँजी म्हणजे शेठजींची बायको. अंगानं आडव्या, आवाजानं करड्या. आणि त्यांची सून कंचनभाभी. भाभी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यासाठी तिचे उपास चालायचे. सोमवार झाला, मंगळवार झाला, गुरुवार, शिवाय ग्यारस म्हणजे एकादशी, आणि पौर्णिमा. गच्ची दोन्ही घरांची एकच होती. उन्हाळ्यात अर्ध्या गच्चीवर आमचे ज्वारीचे बिबडे वाळत, अर्ध्या गच्चीवर त्यांच्या मूगवड्या. माझी आई पिंपळनेरकडची, तिच्या तोंडात कायम अहिराणी. ती कळण्याची भाकरी आणि भरीत ताटलीत घालून भाभीपुढे धरायची आणि भाभी हसून म्हणायची, "आज उपास आहे, मावशी." आई खाली मान घालून ताटली परत आणायची आणि जिन्यातच पुटपुटायची, "दररोज कसाना उपास शे हाऊ?" मला तेव्हा त्यात विशेष काही वाटायचं नाही. आमच्या आसपास सगळ्याच बायका कसला ना कसला उपास करत.

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. दिवसभर काही काम नाही आणि डोक्यात मात्र भलती हवा. नानांच्या मागे लागून लागून मी ब्रश धरायला शिकले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री झाली होती. भाभीची आई राजस्थानात, नागौरकडच्या एका गावात अंथरुणाला खिळली होती. लेकीला तिनं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं पत्र लिहवून घेतलं की निदान पोरीचा एक फोटो तरी पाठवा. तेव्हा माँजींनीच नानांना वर निरोप पाठवला. नानांनी गच्चीवर चादर बांधली, स्टूल ठेवलं, स्टुलावर फुलदाणी ठेवली आणि शेजारी भाभीला पायापासून डोक्यापर्यंत उभी करून फोटो काढला. पाय कापलेला फोटो त्यांना चालत नसे. लोक विचारतात पाय कुठं गेले, मग काय सांगायचं, असं म्हणायचे.

फोटो छापून आला त्याच दिवशी नाना पेपर तपासायला बाहेरगावी निघाले होते. पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाले, "सुमे, हा तू रंगव. पहिला तुझा एकटीचा. मागे रंग लिहिलेले नाहीत, खाली जाऊन विचारून घे." मी मान डोलावली. फोटो काढला तेव्हा मी गच्चीवर नव्हते, तरी विचारायला मात्र गेले नाही. ज्यांनी असे फोटो रंगवलेले नाहीत त्यांना सांगते, काळ्या-पांढऱ्यात लाल, हिरवा आणि तपकिरी एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. सगळे करडेच. म्हणून गिऱ्हाइकाला विचारून रंग फोटोच्या पाठीमागे लिहायची पद्धत होती. पण चार पायऱ्या उतरून जायचं आणि "भाभी, तुझी ओढणी कोणत्या रंगाची होती" असं विचारायचं माझ्या जिवावर आलं. विचारलं म्हणजे येत नाही, असं वाटलं. फोटोत ओढणी फिकट होती, काठ गडद होते आणि मध्ये एक मोठं गोल फूल होतं. खाली एका कार्यक्रमात मी एका बाईच्या अंगावर झगझगीत पिवळी ओढणी पाहिली होती, लाल काठाची आणि मध्ये लाल गोल असलेली. मला ती फार आवडली होती. मी भाभीची ओढणी तशीच केली. दोन दिवस मान मोडून काम केलं. खोटं कशाला सांगू, फोटो सुरेख झाला होता.

दुपारी खाली पापड लाटायला शेजारपाजारच्या सात-आठ बायका जमल्या होत्या. मी मुद्दाम तीच वेळ गाठली. सगळ्यांनी बघावं म्हणून. माँजींच्या हातात फोटो दिला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. लाटण्यांचा आवाज थांबला. फोटो एकीकडून दुसरीकडे गेला. एक बाई तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "कंचन, बधाई हो. आम्हाला कळवलं पण नाही?" भाभीनं फोटो घेतला, बघितला, उलटा करून पाटावर ठेवला आणि आत निघून गेली. मला काही कळेना. मग माँजींनी मला जवळ बोलावलं. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "बेटी, हा पीळो आहे. मुलगा झाला की बाईला माहेरून हा येतो. आईच पाठवते. ती ओढणी मोतिया रंगाची होती. आता हा फोटो हिच्या आईकडे कसा पाठवू? ती बिचारी काय समजेल?" आणि मग पाटावरचा फोटो माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "राहू दे. हिच्या फोटोचा योगच नाही. आता काढायचाच नाही."

मी वर आले आणि पालथी पडून रडले. आईनं स्टोव्हला पंप मारता मारता एवढंच विचारलं, "कसाले रडी ऱ्हायनी? रडीसन रंग निंघस का?" तो निघत नाहीच. पानाचा रंग एकदा कागदात मुरला की मुरला. नाना परत आल्यावर त्यांना सगळं कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. रंगांची वही उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली. "रंग चुकला असता तर चाललं असतं," ते म्हणाले. "विचारलं नाहीस ते चालणार नाही." मग स्वतः खाली जाऊन माँजींना म्हणाले, त्याच निगेटिव्हवरून दुसरा छापतो, मोतिया रंग लावून देतो. माँजी नको म्हणाल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. त्याच जिन्यात मला नंतर भाभी भेटली. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं मला वर उचललं. म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं. पण मला पण तो फोटो नकोच. त्यात मी कुठे आहे? स्टूल आहे, फुलदाणी आहे, ओढणी आहे. माझी आई अंथरुणात पडून हा बघेल तर तिला माझं तोंड पण दिसणार नाही."

त्या क्षणी मी ठरवलं, हिचा फोटो हिच्या आईपर्यंत पोहोचवायचा. मी हट्टी आहे. आता सत्तरी उलटली तरी सुना म्हणतात, आत्यांनी एकदा धरलं की सोडत नाहीत. तो हट्ट तेव्हापासूनचा, आणि मला त्याची लाज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले आणि पापड लाटायला बसले. कुणी बोलावलं नव्हतं. माँजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी लाटी घेतली, लाटली, सुपात टाकली, दुसरी घेतली. तिसऱ्या दिवशी गेले, चौथ्या दिवशी गेले. मुगाच्या पापडाचं पीठ इतकं घट्ट असतं की आठवड्यात माझे तळवे सोलून निघाले. त्या दिवशी हसलेली बाई टोमणे मारायची, "आज काय रंगवलंस गं?" मी लाटत राहायचे. नवव्या दिवशी माँजी पहिल्यांदा बोलल्या. "पापड जाड आहे," म्हणाल्या. मी तो मोडून परत लाटला. सतराव्या दिवशी त्यांनी माझा एक पापड उजेडासमोर धरला, त्यातून पलीकडची खिडकी दिसते का ते बघितलं आणि विचारलं, "तुला पाहिजे तरी काय?" मी म्हटलं, "भाभीचा फोटो काढायचा आहे. मीच काढणार. तुम्हाला नाही आवडला तर तुमच्यासमोर फाडेन." त्या कितीतरी वेळ लाटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "काढ. पण रंग नाही."

मी नानांकडे कॅमेरा मागितला. रिळात तीन फोटो शिल्लक होते. कॅमेरा देत ते म्हणाले, "आधी मामाकडे जाऊन ये." माझे मामा जळगावला असायचे. फोटोचा त्यांना नाद होता आणि न्हाणीघरात काळा पडदा लावून ते रीळ धुवायचे, छापायचे. मी तो चुकलेला फोटो बरोबर नेला. मामांनी तो केळीच्या पानावर ठेवावा तसा अलगद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यामा तुले पयले काय दिखस?" मी म्हटलं, भाभी. "खोटं. पयले फुलदाणी दिखस." मग त्यांनी पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या काढल्या. त्या एकमेकींवर ठेवल्या की मध्ये चौकट व्हायची, सरकवू तशी लहानमोठी. त्यांनी ती फोटोवर ठेवून सरकवायला सुरुवात केली. स्टूल गेलं. फुलदाणी गेली. चादरीच्या सुरकुत्या गेल्या, पाय गेले, ओढणीचा घेर गेला. राहिला फक्त चेहरा आणि त्याच्याजवळ आलेला एक हात. "हाऊ फोटो शे," मामा म्हणाले. "बाकी बठ्ठं तुझ्या बापाचं सामान आहे." मी विचारलं, मग एवढाच भाग मोठा करून छापता येईल का? ते म्हणाले, एवढासा तुकडा मोठा केला तर चेहऱ्याचं पीठ होईल. जवळ जाऊन काढ. मागे अंधार असू दे. उजेड एका बाजूनं येऊ दे. आणि तिला मधोमध रोवू नकोस, ती काय तुळस आहे? परत येताना एस.टी.त मी त्या दोन पट्ट्या हातात धरून खिडकीबाहेरचं सगळं चौकटीत घालून बघत होते. शेजारची म्हातारी मला वेडी समजून सरकून बसली.

आता माझा नातू मोबाईलमध्ये फोटो काढतो आणि बोट फिरवून एक रंग ठेवतो, बाकीचा फोटो काळा-पांढरा करतो. लाल छत्री, बाकी सगळं करडं. "आजी, बघ कसं भारी." भारी आहे, मी कुठं नाही म्हणते. पण मी त्याला विचारते, छत्रीच का रे? तर खांदे उडवतो.

भाभीला मी विचारलं होतं. माँजींनी रंग नाही म्हटलं तरी मी विचारलं, "एकच गोष्ट रंगवायची झाली तर कोणती?" ती लगेच आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेल्या लाखेच्या बांगड्या घेऊन आली. पोपटी, कोवळ्या हरभऱ्यासारख्या. तिची आई दर वर्षी कुणी येणारा-जाणारा बघून एक जोड पाठवायची. लग्नाच्या वेळी दोऱ्यानं मनगटाचं माप घेतलं होतं, त्या मापाच्या. "या वर्षीच्या पोहोचल्या का, ते तिला कळलंच नाही," भाभी म्हणाली. "तिला दिसू दे की पोहोचल्या." मग जे मी कधी पाहिलं नव्हतं ते झालं. भाभी डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून सासूसमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात तिनं मागितलं. माँजींनी विचारलं, "एकच?" "एकच." "लाव मग."

फोटो सकाळी काढला, गच्चीच्या जिन्याच्या दारात. मागे जिन्याचा अंधार, एका बाजूनं कोवळा उजेड. माँजी तिथेच बसून होत्या. सासूसमोर तोंड उघडं टाकायची पद्धत नव्हती, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पाठ करते." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसल्या. चार फुटांचं अंतर मोजायला नानांची गाठ मारलेली दोरी होती. एक टोक कॅमेऱ्याला धरायचं, गाठ समोरच्याच्या नाकाला. गाठ नाकाला लागल्यावर भाभीला हसू आलं. तिनं ओढणीची कड धरायला हात हनुवटीपाशी नेला आणि त्या पोपटी बांगड्या मनगटावरून घसरत पार कोपराच्या जवळ जाऊन थांबल्या. मला ते इतकं आवडलं! हनुवटी, बोटं, हात आणि खाली तिरप्या रेषेत दोन बांगड्या. नजर बांगड्यांवरून हातानं चढत थेट डोळ्यांपर्यंत जात होती. मी म्हटलं, "भाभी, हलू नकोस, हात अस्साच ठेव." तिन्ही फोटो तसेच घेतले.

मामांनी त्यातला एक छापून दिला. नानांनी तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. पाय कुठं गेले असं विचारलं नाही. कपाट उघडून वही काढून दिली. मी भाभीची एक बांगडी वर आणून खिडकीत ठेवली आणि तिच्याकडे बघून बघून रंग जुळवला. हिरव्यात पिवळा घालायचा, परत थेंबभर पाणी, आधी वेगळ्या कागदावर लावून बघायचं. दोन बांगड्यांना मला चार दिवस लागले. बाकी सगळा फोटो तसाच ठेवला. गालसुद्धा नाही रंगवले. माँजींनी तो बघितला. फाड म्हणाल्या नाहीत. शेठजींकडून रजिस्टर पोस्टानं पाठवायला लावला. मला काय वाटलं ते सांगते. मला माझाच अभिमान वाटला.

दीडेक महिन्यानं चाळीसगावच्या गाडीनं भाभीचा भाऊ आला. कळवलं नव्हतं. धुळीनं भरलेला, डोक्याला साफा, ओसरीवर बसला. पाणीसुद्धा नंतर घेतो म्हणाला. शेठजी दुकानातून आले, माँजी बाहेर आल्या, आम्ही जिन्यात. त्यानं खिशातून तो फोटो काढला आणि माँजींसमोर पाटावर ठेवला. "माँनं फोटो छातीशी धरला," तो म्हणाला. "खूप खूश झाली. मग रात्रभर झोपली नाही. सकाळी मला म्हणाली, आजच्या गाडीनं जा." मग त्यानं पोपटी बांगडीवर बोट ठेवलं. "माँ विचारते, माझ्या मापाच्या बांगड्या कोपरापर्यंत कशा गेल्या? माझ्या पोरीचा हात कुठे गेला?"

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. चार दिवस त्या बांगड्यांकडे डोळे लावून बसलेली मी. रंग बरोबर, रेषा बरोबर, उजेड बरोबर. हात मला दिसलाच नव्हता. आठ वर्षं रोज ताट वाढून घेणाऱ्या त्या घराला दिसला नव्हता. माझ्या आईला तेवढं दिसत होतं आणि ती जिन्यात पुटपुटत होती.

माँजींनी भाभीला हाक मारली. ती पदर ओढून जवळ आली. माँजींनी तिचा हात ओढून घेतला आणि आपल्या अंगठ्याची आणि बोटाची कडी तिच्या मनगटाभोवती केली. बोटं एकमेकांवर चढली, तरी कडी सैलच राहिली. त्या तशाच धरून बसल्या. मग भावाकडे न बघता म्हणाल्या, "घेऊन जा हिला." आणि भाभीच्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं मागे सारला, आमच्या सगळ्यांदेखत. "उपास सगळे इथेच सोडून जा, बेटी. आईजवळ पोटभर खा. हात भरला की ये, त्याच्या आधी येऊ नको."